आधी आयआर, मग टाइप रेटिंग

प्रश्न : सर, मी कल्याणला राहतो. वय २६. बारामतीला राहून सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) केलं, त्याला आता दोन वर्षं झाली. उड्डाणाचे एकूण २०८ तास आहेत. एअरलाइनच्या परीक्षा दिल्या, पण निवड झाली नाही. सध्या ऐरोलीला कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. कर्जाचा हप्ता बाबांच्या पेन्शनीतून जातो. बाबा म्हणतात, गावचं घर गहाण टाकू, पण तू एअरबस ए-३२० चं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवायची परवानगी) करून घे. मित्र म्हणतो, मुंबईत प्रायव्हेट जेटच्या कंपन्या आहेत, तिकडे प्रयत्न कर. अंधेरीला एक गृहस्थ भेटले. ते म्हणतात, बारा लाख द्या, को-पायलट म्हणून लावून देतो, कमी पडणारे तासही ॲडजस्ट करतो. या कंपन्यांत अर्ज कसा करतात? सीव्हीत काय लिहायचं? तिथे गेलो तर एअरलाइनचा रस्ता बंद होतो का? आणि मुलाखतीला युनिफॉर्म घालून जायचं का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : आधी अंधेरीच्या गृहस्थांचा नंबर डिलीट कर. जिथे चार विमानं आणि पंधरा वैमानिक असतात, तिथे कोणाला घ्यायचं हे चीफ पायलट ठरवतो. त्या माणसाशेजारी त्याला स्वतःला बसायचं असतं, त्यामुळे दलालाच्या शब्दावर तो कोणाला घेत नाही. बारा लाख गेले तर निदान पैसेच जातील. 'तास ॲडजस्ट करतो' याने लायसन्स जाईल. आमच्यात त्यांना पार्कर पेनाचे तास म्हणतात. उड्डाण झालेलं नसतं, फक्त वहीत लिहिलेलं असतं. पण प्रत्येक खऱ्या तासामागे विमानाचं जर्नी लॉगबुक असतं, इंधनाची पावती असते, एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) नोंद असते, आणि आता तर तुझे तास डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, ई-जीसीए पोर्टलवर चढतात. ताळा करायला बसलं की अर्ध्या दिवसात उघडं पडतं. २०११ मध्ये खोट्या गुणपत्रिका लावून एटीपीएल (कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स) काढलेले वैमानिक सापडले, तेव्हा थेट अटका झाल्या होत्या.

आता तू न लिहिलेल्या गोष्टीकडे येतो. वय लिहिलंस, तास लिहिलेस, बाबांची पेन्शनही लिहिलीस. आयआर, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर उडवायची परवानगी, कधीपर्यंत आहे, ते मात्र लिहिलं नाहीस. दोन वर्षं विमानाला हात लागलेला नाही, म्हणजे ते संपलेलं असणार. इन्स्ट्रुमेंट रेटिंग वर्षभर चालतं. तुझ्या वयाला क्लास वन मेडिकलही वर्षभराचंच असतं, आणि त्याचाही पत्रात उल्लेख नाही. या दोन तारखा उलटून गेल्या असतील तर तुझं सीपीएल सध्या खिशातलं एक कार्ड आहे, एवढंच.

चार्टर कंपनीत, म्हणजे विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीत, हे एअरलाइनपेक्षा जास्त नडतं, कारण भरतीची तऱ्हाच निराळी आहे. एअरलाइन जाहिरात काढते, परीक्षा घेते, महिन्यांनी बॅच बसवते. मधल्या वेळात कागद पुरे करता येतात. प्रायव्हेट जेटवाल्यांकडे असं काही नसतं. एक फर्स्ट ऑफिसर (म्हणजे को-पायलट) एअरलाइनला जातो, दुसऱ्याचं मेडिकल अडकतं, आणि ऑपरेशन्समधल्या माणसाला पुढच्या आठवड्यात खुर्ची भरायची असते. तो हाताशी असलेले चार सीव्ही काढतो आणि फोन लावतो. "आयआर आहे ना? मेडिकल कधीपर्यंत? पासपोर्ट? मुंबईतच असतोस?" पहिल्याच प्रश्नाला "सर, लगेच करून घेतो" म्हणालास की तो थँक्यू म्हणून पुढचा नंबर फिरवतो. राग मानू नकोस, त्याच्या जागी तूही तेच केलं असतंस.

म्हणून घरात जो काही पैसा निघेल तो आधी इथे घाल. मेडिकल करून घे. मल्टी-इंजिनवर सराव करून आयआर चालू कर. बारामतीच्या तुझ्याच शाळेत चौकशी केलीस तर जुन्या विद्यार्थ्याला मल्टी-इंजिन विमानाची वेळ लवकर मिळू शकेल. खर्च आहेच, पण टाइप रेटिंगच्या तुलनेत तो फार लहान आहे, आणि याच्याशिवाय दुसरं काहीच कामाला येत नाही.

बाबांचा विचार चुकीचा नाही, फक्त त्याची वेळ चुकते आहे. ए-३२० चं रेटिंग फक्त ए-३२० च्या कुटुंबाला चालतं. नोकरी नसताना ते घेतलंस तर त्याचा सराव कुठे ठेवणार? काही महिन्यांत तेही शिळं होईल, पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा पैसे. आणि तुला ज्या कंपन्यांत जायचं आहे त्यांच्याकडे हे विमानच नसतं. त्यांच्या ताफ्यात हॉकर असतं, लिअरजेट, सायटेशन, फाल्कन, चॅलेंजर, लेगसी असतं, धाकट्यांत किंग एअर आणि पिलाटस. यातल्या बहुतेकांचं रेटिंग वेगवेगळं, प्रशिक्षण बरेचदा परदेशात. फ्लाइटसेफ्टी आणि सीएई या मोठ्या संस्थांच्या सिम्युलेटरवर लोक जातात, आणि बिल डॉलरमध्ये येतं. कोणत्या कंपनीचा फोन येणार हे माहीत नसताना कोणतं विमान निवडणार? इथली रीत अशी की कंपनी आधी माणूस पसंत करते, मग प्रशिक्षणाला पाठवते आणि बदल्यात, मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचे, असा बाँड घेते.

तो बाँड मात्र नीट वाच. किती वर्षांचा आहे ते सगळेच वाचतात. तू हे बघ : काम केलेल्या प्रत्येक महिन्यागणिक रक्कम उतरते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते? कोरे चेक मागतायत का? मागत असतील तर देऊ नकोस. प्रशिक्षणाचं खरं बिल दाखवणार की मनाला येईल तो आकडा लिहिणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कंपनीने ते विमान विकलं तर काय? हे होतं. मालकाचा धंदा बसतो, विमान विकलं जातं, आणि तू एका अशा विमानाचा वैमानिक होऊन बसतोस जे देशात दुसऱ्या कोणाकडे जवळपास नाहीच. अशा वेळी बाँड आपोआप संपतो, हे पत्रात लिहून घे. दोन कंपन्यांतून निवड करायची वेळ आली, तर ज्यांचं विमान इतरांकडेही आहे ती कंपनी घे, पगार थोडा कमी असला तरी. नोटीसही बघ. एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभर आधी सांगावं लागतं. चार्टरवाल्यांच्या नेमणूकपत्रात काय लिहिलं आहे ते सही करण्याआधी कळलेलं बरं.

कंपन्या शोधायला कोणाची ओळख लागत नाही. भाड्याने विमान देणाऱ्याला डीजीसीएचा नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतो, आणि अशा परवानाधारकांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर असते. कंपनीचं नाव, पत्ता, कोणती विमानं, सगळं. त्यातल्या मुंबईच्या कंपन्या काढ आणि प्रत्येकीकडे कोणतं विमान आहे ते लिहून ठेव. पहिली पत्रं किंग एअर, पिलाटस आणि लहान सायटेशनवाल्यांना पाठव. मोठ्या जेटवर दोनशे तासांचा को-पायलट विमा कंपनीलाच चालत नाही, मग चीफ पायलटने मनात आणून उपयोग नाही. यादीत नाव नसलेला कोणी "आमचं विमान भाड्याने फिरतं" म्हणाला तर तिथून उठ. खासगी वापरासाठी नोंदवलेलं विमान भाड्याने देता येत नाही, आणि उद्या चौकशी झाली तर कॉकपिटमध्ये तू बसलेला असशील.

सीव्ही एका पानाचा. 'लहानपणापासून आकाशाचं वेड' वगैरे काही नको, तो वाचणाऱ्यालाही होतं. वर नाव आणि फोन. त्याखाली लगेच लायसन्स, आयआर, मेडिकल, आरटीआर (रेडिओवर बोलायचा परवाना), इंग्रजी प्रोफिशिएन्सीची पातळी, पासपोर्ट, आणि प्रत्येकापुढे वैधतेची तारीख. मग तास : एकूण, पीआयसी (विमानाची जबाबदारी तुझ्याकडे असलेले), मल्टी-इंजिन, इन्स्ट्रुमेंट, रात्रीचे, आणि शेवटचं उड्डाण कधी. मधली दोन वर्षं लपवू नकोस. 'कॉल सेंटर, रात्रपाळी, इंग्रजी ग्राहकसेवा' असं सरळ लिही. चार्टरमध्ये ही ओळ तुझ्या बाजूने जाते, का ते पुढे सांगतो. पोलिस पडताळणीचे कागद तयार ठेव, विमानतळाच्या प्रवेशपासला लागतात. मेल चीफ पायलट किंवा ऑपरेशन्स हेडच्या नावे, चार ओळींत. 'तुमच्याकडे किंग एअर बी-२०० आहे हे पाहिलं, मी त्यावर को-पायलट म्हणून अर्ज करतो आहे' एवढं वाक्य असलं तरी तू पन्नास जणांना एकच मेल ढकललेला नाहीस हे कळतं.

आणि राहण्याचं बघ. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण मुंबईत यावरून नोकऱ्या जातात. खासगी विमानं सुटतात कलिन्याच्या बाजूने, आठ नंबर गेटमधून. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत मुंबईत त्यांना उडायला-उतरायला मनाई असते, त्यामुळे पहाटेची उड्डाणं पुष्कळ. सहाच्या उड्डाणाला साडेचारला गेटवर पोचायचं. कल्याणहून कुर्ला आणि तिथून रिक्षा, हा हिशेब पहाटे साडेचारला बसत नाही, आणि पावसाळ्यात तर विचारूच नकोस. सीव्हीत 'निवड झाल्यास वाकोला-कलिना भागात राहण्याची तयारी' असं लिही आणि खरंच एखादी शेअरिंगची खोली बघून ठेव.

काम कसं असतं तेही ऐक, म्हणजे कॉल सेंटरची ओळ का लिहायला सांगितली ते कळेल. रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर येतं : उद्या ०६२०, मुंबई-नांदेड, पाच प्रवासी. पहाटे आत गेल्यावर आधी ब्रेथ ॲनालायझर. (उड्डाणाआधी बारा तास थेंबही नाही. आदल्या रात्री मित्राचं लग्न असलं तरी नाही.) कॅप्टन हवामान बघत असतो, तोवर को-पायलटने नोटॅम (विमानतळांबद्दलच्या ताज्या सूचना) वाचायचे, लोड अँड ट्रिम शीट (वजनाचा आणि तोलाचा तक्ता) करायची, बाउझरवाल्याकडून इंधनाची पावती घ्यायची, इंजिनांची आणि पिटोची (वेग मोजणाऱ्या नळीची) कव्हरं काढून मोजून ठेवायची. मग केबिन. हॉटेलातून आलेले डबे, बर्फ, पाण्याच्या बाटल्या. वर्तमानपत्रं आली का, त्यात मराठी पेपर आहे का, कारण साहेबांना तोच लागतो. सीटच्या खाचेत काल कोणाचा तरी चिवडा सांडलाय, तो काढायचा. पाऊस असेल तर छत्री घेऊन शिडीशी उभं राहायचं. पाचाचे सहा प्रवासी येतात, सोबत दोन बॅगा जास्त, म्हणजे लोड शीट पुन्हा. मग कुठे उजव्या सीटवर बसायचं.

नांदेडला पोचल्यावर "दोनला निघू" म्हणालेले साहेब पाचला फोन करतात, "अजून तासभर". तिकडे विमानतळ बंद व्हायची वेळ जवळ येत असते. वॉच अवर्स वाढवून घ्यायला फोन कोण करतो? तूच. साहेबांच्या पीएला, त्याचा आवाज न चढता, 'आता नाही निघालो तर आज रात्री इथेच' हे कोण सांगतो? बरेचदा तेही तूच. रात्रभर परक्या माणसांच्या शिव्या इंग्रजीतून शांतपणे ऐकून घेतलेला पोरगा इथे कामाचा असतो. रात्री मुंबईत प्रवासी उतरले, पण पार्किंग मिळालं नाही, तर विमान रिकामं दुसऱ्या शहरात नेऊन ठेवायचं आणि तिथेच झोपायचं. दोन दिवसांचे कपडे असलेली बॅग कायम सोबत. ज्यांना 'मी वैमानिक आहे, बॅगा उचलायला आलेलो नाही' असं वाटतं, ते इथे टिकत नाहीत, आणि त्यांनी येऊही नये. ज्यांना विमानाचं सगळं कळून घ्यायचं असतं त्यांना मात्र इतकं शिकवणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही. धुळ्यासारखी छोटी धावपट्टी, टॉवर नसलेला विमानतळ, दर वेळी नवं ठिकाण. एअरलाइनमध्ये हे फारसं वाट्याला येत नाही.

एअरलाइनचा रस्ता बंद होत नाही, पण तास कोणत्या विमानावर होतात याने फरक पडतो. ५,७०० किलोची एक रेघ लक्षात ठेव. वजनाने त्यावरच्या विमानांचे तास एअरलाइन वेगळ्या नजरेने बघतात. किंग एअर बी-२०० चं कमाल उड्डाण वजन ५,६७० किलो, सायटेशन सीजे-२ प्लसचंही तेवढंच, म्हणजे रेघेच्या जरा खाली. किंग एअर ३५० मात्र ६,८०० च्या घरात, आणि हॉकर ८०० एक्सपी तर साडेबारा टनांच्या वर. शिवाय बी-२०० सारखी विमानं एका वैमानिकाने उडवता येतात अशी प्रमाणित आहेत, तिथे दुसऱ्याचे तास धरले जातीलच असं नाही, म्हणून 'को-पायलटचे तास तुम्ही कसे नोंदवता?' हे मुलाखतीतच विचार. सुरुवात बी-२०० वर झाली तर नको म्हणू नकोस. तिथेच पाच वर्षं मात्र बसू नकोस. तासही सावकाश साठतात. एअरलाइनमध्ये वर्षाला जेवढे होतात त्याच्या निम्मेही इथे बरेचदा होत नाहीत, आणि एटीपीएलला १,५०० लागतात. वर्षाला किती तास होतात हे चीफ पायलटला न विचारता तिथल्या फर्स्ट ऑफिसरला विचार.

नियमांचे आणि हवामानाचे प्रश्न मुलाखतीत येतीलच, ते पुस्तकात आहेत. एक प्रश्न पुस्तकात नाही. पावसाळा, मुंबई, धावपट्टी नीट दिसत नाही, मागे बसलेल्यांना मीटिंग आहे आणि कॅप्टन तसाच खाली चालला आहे. तू काय करशील? १४ सप्टेंबर २०२३ ला विशाखापट्टणमहून आलेलं एक लिअरजेट ४५ मुसळधार पावसात मुंबईच्या २७ नंबर धावपट्टीवरून बाजूला जाऊन मोडलं. आतली आठही माणसं वाचली. तेव्हापासून तर हा प्रश्न मुंबईत कोणाला काल्पनिक वाटत नाही. 'कॅप्टन म्हणतील तसं' हे उत्तर दिलंस तर चांगली कंपनी तुला घेणार नाही. ठरलेल्या उंचीला धावपट्टी दिसली नाही तर मोठ्याने 'गो-अराउंड' (उतरणं सोडून पुन्हा वर चला) म्हणणं हे को-पायलटचं काम आहे, तसंच सांग. आणि नंतर तूही विचार, गेल्या पावसाळ्यात उड्डाण दुसरीकडे वळवलं तेव्हा गिऱ्हाईक चिडलं होतं का, आणि ऑफिसने कोणाची बाजू घेतली. उत्तर देणारा गडबडला तर त्या कंपनीला नमस्कार करून घरी ये.

आयआर होईपर्यंत हात जोडून बसू नकोस. याच कंपन्यांना ऑपरेशन्समध्ये माणसं लागतात : परवानग्या काढणं, स्लॉट मागणं, क्रूचं वेळापत्रक लावणं. पगार कॉल सेंटरइतका किंवा त्याहून कमी मिळेल, पण रात्रपाळी करायचीच असेल तर ऐरोलीपेक्षा कलिन्यात कर. सहा महिन्यांत चीफ पायलटला तुझा आवाज ओळखीचा होतो, आणि जागा रिकामी झाल्याचं तुला इतरांच्या आधी कळतं. फक्त रुजू होताना 'मला पुढे उडवायचं आहे' हे स्पष्ट सांग, नाहीतर चांगला ऑपरेशन्सवाला म्हणून तिथेच ठेवून घेतील.

बाबांना हे उत्तर वाचायला दे. गावचं घर राहू दे म्हणावं.

युनिफॉर्मचं विचारलंस. नको. ज्या कंपनीत अजून लागलेला नाहीस तिच्या ऑफिसात खांद्यावर पट्ट्या लावून गेलास तर बाहेर चहा देणारा पोरगाही हसेल. फिका इस्त्रीचा शर्ट, गडद पँट, पॉलिश केलेले बूट. मूळ लॉगबुक, लायसन्स आणि मेडिकल एका फाइलमध्ये, झेरॉक्सचे दोन संच वेगळे, आणि जुलै-ऑगस्ट असेल तर सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत.